झाकणाची शेगडी की धुराचं पिंप

गेल्या एप्रिलमधला रविवार. दुपारचे साडेबारा. शेजारच्या काकूंनी गच्चीवरून हाक मारली, "अगं ए, तुझ्या त्या पिंपाचा धूर माझ्या कुरडयांवर येतोय!"

काकू माळकरी. दरवर्षी पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला पायी त्र्यंबकला जातात. गच्चीवर जुन्या साड्यांवर त्यांच्या कुरडया पसरलेल्या, आणि खाली माझ्या धुरावर शिजवायच्या पिंपात बोकडाची राण, म्हणजे अख्खी मांडी. वारा पश्चिमेचा, म्हणजे सरळ त्यांच्या गच्चीवर. मी वर बघून "हो काकू, बंदच करते" म्हणाले खरी, पण राण निम्मी कच्ची होती. अशी आग मध्येच बंद करता येत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

परसात कोळशावर स्वयंपाक करायचाय तर ग्रिल घ्यावं की स्मोकर, असं मला ओळखीतले चौघे-पाच जण विचारून गेले. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. माझ्याकडे दोन्ही आहेत. दोन्ही मी जाळून, रडवून, धुऊन पाहिली आहेत.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात कॅलिब्रेशन बघते, म्हणजे मोजायची उपकरणं बरोबर दाखवतात का ते तपासते. दिवसभर थर्मोकपल (तापमान मोजायच्या सुया), गेज, भट्ट्यांचे तक्ते. घर मखमलाबादला, रो हाउस. मागे बारा बाय बावीस फुटांची जागा. तिच्यातही एक शेवगा, कढीपत्ता आणि सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, खुर्ची. अण्णा निफाड तालुक्यातले द्राक्षबागायतदार. गुडघ्यांमुळे आता आमच्याकडे असतात आणि मी आगीशी काही करायला लागले की खुर्ची पुढे ओढून बसतात.

नावांनी गोंधळायचं कारण नाही. कोळशाचं ग्रिल म्हणजे आपली शेगडीच. खाली निखारे, वर जाळी, जाळीवर पदार्थ. वांगं भाजतो तसं. आच थेट लागते, काम पाच मिनिटांपासून अर्ध्या तासात उरकतं. स्मोकर म्हणजे आग एकीकडे, पदार्थ दुसरीकडे, मध्ये अंतर किंवा पाण्याचं पातेलं, आणि सगळं बंद करून ११० ते १२० अंशांवर तासन् तास ठेवायचं. हे आपल्याला परकं वाटतं, पण गोवऱ्यांच्या राखेत रोडगे पुरून माणसं गप्पा मारत बसतात ते काय असतं? आच लागते ती आडून. फक्त रोडग्याला तासभर पुरतो, मोठ्या मांसाच्या तुकड्याला पाच-सहा तास.

मी आधी घेतलं ते झाकणाचं ग्रिल, गोल किटलीसारखं, ५७ सेंटीमीटर व्यासाचं. कॉलनीतलं एक कुटुंब घर बदलत होतं, त्यांच्याकडून वापरलेलं मिळालं. या आकाराची गोष्ट मला फार आवडते, कदाचित मी एमआयडीसीतली म्हणून. १९५२ साली अमेरिकेत जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये कामाला होता. पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या बोया तिथे बनायच्या, पत्र्याचे दोन अर्धगोल जोडून. उघड्या ग्रिलमध्ये वारा आणि राख यांनी तो वैतागला होता. त्याने एक अर्धगोल खाली ठेवला, दुसऱ्याचं झाकण केलं, पाय लावले, हवेला भोकं पाडली. कारखान्यातल्या माणसाने हाताशी असलेल्या मालातून काढलेली युक्ती. आजही जगभर तोच आकार चालतो.

खरी करामत त्या झाकणाची आणि हवेच्या दोन झडपांची. खालची झडप आगीला श्वास देते, वरची धूर सोडते. खालची अर्धी मिटली की आच उतरते. वरची कधीच पूर्ण मिटायची नाही, धूर आत कोंडला की पदार्थ कडू होतो. निखारे अर्ध्या भागातच ठेवायचे, अर्धा भाग रिकामा. कोंबडीच्या तंगड्या आधी रिकाम्या बाजूला, झाकण लावून. आत शिजल्या, म्हणजे मधोमध ७४ अंश झाले, की मग निखाऱ्यांवर आणून वरून खरपूस करायच्या. उलटं केलं तर बाहेर कोळसा आणि हाडाजवळ लाल. मी पहिले तीन रविवार उलटंच केलं.

पेटवायला मी तेलाचा पंधरा किलोचा डबा वापरते. वरचं झाकण कापलं, तळापासून चार बोटांवर लोखंडी जाळी बसवली, तिच्याखाली चारी बाजूंनी भोकं. खाली दोन वर्तमानपत्रांचे बोळे, वर कोळसा. वीस मिनिटांत वरच्या कोळशाला राखाडी कड येते, मग ओतायचा. रॉकेल नको, पेट्रोल तर मुळीच नको. रॉकेलचा वास भरताला एकदा लागला की लसूणही त्याला झाकत नाही.

कोळसा मी जुन्या नाशकातल्या वखारीतून आणते, बाभळीचा. पटकन पेटतो, आच जबर. पण तुकडे कुठे मुठीएवढे, कुठे बोराएवढे, आणि पावसाळ्यात ओल धरली की तडतडून ठिणग्या उडतात. माझ्या एका कॉटनच्या ओढणीला त्याने पाच भोकं पाडली आहेत. नारळाच्या करवंटीचे दाबून केलेले ठोकळे महाग पडतात, पेटायला वेळ घेतात, पण एकसारखे असतात आणि शांत जळतात. थोडक्या कामाला बाभूळ, लांबच्या कामाला करवंटी.

आता पिंपाकडे येते.

ग्रिलवर हात बसल्यावर मला स्मोकरची हाव सुटली. व्हिडिओ बघून बघून माणूस बिघडतो. अंबडमध्येच एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेले. दोनशे लिटरचं पिंप, तळाला हवेची तीन भोकं, आत कोळशाची टोपली, वर दोन जाळ्या, झाकणाला धुराडं. त्याने मनापासून काम केलं. न्यायला गेले तर टोपली आणि जाळी दोन्ही चकचकीत पांढरी. मी म्हटलं, "दादा, हा जीआय आहे का?" जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड. तो अभिमानाने म्हणाला, "हो मॅडम, गंजणार नाही!" जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि निखाऱ्यांचा ढीग त्याच्या बराच पुढे जातो. जस्ताची वाफ छातीत गेली की थंडी वाजून ताप भरतो, वेल्डिंगवाल्यांना हे दुखणं माहीत असतं. त्याला सांगितल्यावर तो जीभ चावून म्हणाला, "अन्नासाठी आहे हे डोक्यातच आलं नाही." दोन्ही साध्या लोखंडी सळ्यांची करून दिली, जास्तीचे पैसे घेतले नाहीत.

पिंपाचं दुसरं दुखणं आतल्या अस्तराचं. पुष्कळ पिंपांना आतून रंगाचा किंवा इपॉक्सीचा थर असतो, आणि जुन्या पिंपात आधी काय होतं ते देवच जाणे. मी खाद्यतेलाचं, आतून कोरा पत्रा असलेलं शोधलं. तरीही त्यात आधी लाकडं पेटवून ते दोन वेळा रिकामंच तापवलं, मग तारेच्या ब्रशने घासलं, मग तेलाचा हात दिला. केमिकलचं पिंप कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका.

त्या एप्रिलच्या रविवारी सिन्नरहून नणंदेकडचे सहा जण जेवायला येणार होते. राण हाडासकट पावणेदोन किलोची. रात्रभर दही, आलं-लसूण आणि घरचा काळा मसाला लावून ठेवलेली. सकाळी साडेनऊला पिंपात टांगली. माझा हिशोब: चार तास, दीडला पान वाढलेलं. थर्मोकपलची एक सुई मांसात, एक जाळीवर. बारापर्यंत सगळं सुरळीत. मांस ६६ अंशांवर पोचलं, आणि बसलं तिथेच. साडेबारा, ६६. एक, ६७. सव्वा, परत ६६. मला वाटलं सुई बिघडली. दुसरी लावली, तीही ६६.

हे का होतं ते माठाला विचारावं. माठाच्या अंगातून पाणी झिरपतं, वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं गार राहतं. मांसही तसंच घाम गाळतं. खालून आच जितकी मिळते तितकी वरून वाफेत जाते, आणि काटा तासन् तास हलत नाही. उपाय सोपा आहे: या टप्प्यावर मांस फॉइलमध्ये गच्च गुंडाळायचं, घाम उडूच द्यायचा नाही. मी फॉइलच्या आत केळीचं पान घालते. पण त्या दिवशी हे ठाऊक असूनही मी घाबरून झाकण उघडत राहिले. उघडलं की हवा आत, निखारे भडकतात. मिटलं की आच कमी व्हायला वीस मिनिटं. पाच वेळा उघडलं. त्यातच काकूंची हाक आली.

पावणेतीनला नणंदेच्या सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, पिठलं टाक, पोरं भुकेली." पिठलं-भाकरी झाली, पंगत उठली. अण्णा हात धुऊन पिंपापाशी आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "काय गं, हे बोकड आज शिजू राहिलं का उद्या?"

राण बाहेर आली पाचला. आतून मऊ, पण वरचा बोटभर थर बुटाच्या तळव्यासारखा. कारणही मागाहून लक्षात आलं. ही पद्धत ज्या मांसासाठी घडली त्याच्यात चरबी आणि चिवट धागे खच्चून असतात, ते सावकाश विरघळले की मांस ओलं राहतं. अमेरिकेत त्यासाठी गाईबैलाच्या छातीचा मोठा तुकडा किंवा डुकराचा खांदा वापरतात, चार-पाच किलोंचा. महाराष्ट्रात २०१५पासून बैलाच्या मांसावरही बंदी आहे, आणि डुकराचं मांस आमच्या घरात येत नाही. उरलं बोकड. ते अंगाने सुकं, लहान. त्याला पाच तासांचा धूर म्हणजे शिक्षाच.

रात्री मी ती राण हाताने सोडवून काळ्या मसाल्याच्या रश्शात टाकली, हाडासकट. उकळी आल्यावर घरभर असा वास सुटला की पिठलं खाऊन गेलेली मंडळी सिन्नरच्या रस्त्यावरून परत बोलवावीशी वाटली. धूर रश्शात उतरला होता. वाटीत निखारा ठेवून वर तूप सोडतो, त्या धुरीची ही मोठी बहीण. तेव्हापासून माझं पिंप याच कामाला आहे. बोकडाचे मोठे तुकडे, दीड तास धूर, मग पातेल्यात. शिजवायचं काम पातेल्याचं, पिंपाने फक्त वास द्यायचा.

आणि तो वास लाकडाचा. इथे अण्णांची खुर्ची खरी पुढे सरकते.

पहिल्यांदा मी आंब्याचं लाकूड घातलं, मग पेरूचं. दोन्ही छान, पेरू जरा गोडसर. कारखान्यातून पॅलेटच्या फळ्या आणायचा मोह झाला होता. फुकटचं लाकूड, पण बहुतेक पाइनचं, राळ भरलेलं, धूर काळा आणि तोंड कडू. शिवाय परदेशातून आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो: 'एचटी' म्हणजे तापवून निर्जंतुक केलेलं, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने. 'एमबी'वाल्या लाकडावर मी चहासुद्धा करणार नाही.

मग एकदा म्हटलं, अण्णा, आपल्याकडे द्राक्षाच्या काड्या किती पडतात! एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, बांधावर ढीगच ढीग. फ्रान्समध्ये बोर्दो भागात छाटलेल्या द्राक्षकाड्यांच्या निखाऱ्यांवर मांस भाजायची जुनी रीत आहे. आपण का नाही? अण्णांनी मान हलवली. "बोर्डो म्हणतेस ना? त्या काड्यांवर बोर्डोच आहे."

मला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण, आपले बागायतदार डावणी या रोगासाठी फवारतात ते, त्याच गावाच्या नावाचं. पावसाळाभर त्या काड्यांवर मोरचूद बसतं, गंधक बसतं, आणखी काय काय. छाटणीनंतर फूट यावी म्हणून डोळ्यांना लावायची पेस्ट वेगळीच. अशी काडी जाळून तिच्या धुरात अन्न ठेवायचं नाही, हा अण्णांचा कायदा. मलाही तो पटला.

पण त्यांनीच तोड काढली. भावकीतल्या एकाची थॉमसन जातीच्या द्राक्षांची जुनी बाग मोडली होती, खोडं बांधावर दीड वर्ष वाळत पडलेली. अण्णा गाडीत बसून गेले, काठीने दाखवून बारा खोडं निवडली. घरी आणून कोयत्याने साल काढली. द्राक्षाच्या खोडाची साल सुतळीसारखी पट्ट्यापट्ट्यांनी निघते, फवाऱ्याचा थर बराचसा तिच्यासोबत जातो. आतलं लाकूड पिळदार, घट्ट, तपकिरी. मुठीएवढे तुकडे केले. निखाऱ्यांवर दोन तुकडे पुरतात. धूर आधी पांढरा दाट येतो, दहा-पंधरा मिनिटांत पातळ निळसर होतो. पांढरा आहे तोवर मांस आत घालायचं नाही. लाकूड आधी पाण्यात भिजवायचं, असं खूप जण सांगतात. मला त्यात अर्थ दिसला नाही. पाणी उडेपर्यंत नुसती वाफ येते, धूर नंतरच.

पहिल्यांदा तो वास आला तेव्हा अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "थॉमसनच आहे." हे वासावरून कळतं यावर माझा विश्वास नाही. ज्यावर थॉमसनचं कलम करतात तो खालचा खुंट तर डॉगरिज या वेगळ्याच जातीचा असतो. पण मी वाद घातला नाही.

तापमानाबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही, धंद्याची खोड. ग्रिलच्या झाकणावर जो गोल काटा असतो त्याच्यावर भरवसा ठेवू नका. माझा काटा १५० दाखवायचा तेव्हा जाळीवर १२० असायचे. एक तर तो झाकणाच्या वरच्या अंगाला, गरम हवेत बसलेला. दुसरं, मुळातच चुकलेला. घरी तपासायचा तर उकळत्या पाण्यात धरा. पण १०० बघू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ अंशांना उकळतं. काट्याने ९८ दाखवले तर तो खरा. शंभर दाखवून खूश करणारा काटा दोन अंशांनी खोटा.

बाकी प्रकार आहेत. विजेवर चालणारे, लाकडी गोळ्यांचे, बाजूला वेगळी भट्टी असलेले, जाड मातीच्या रांजणासारखे. मी वापरलेले नाहीत, म्हणून सोडून देते.

तर घ्यावं काय? पहिल्यांदा घेत असाल तर झाकणाचं ग्रिल. मी डोळे मिटून सांगेन. आपण काय खातो ते आठवा: भरिताची वांगी, मक्याची कणसं, सालासकट भाजलेले कांदे, कोंबडी, गंगापूर धरणाकडून आलेला मरळ. यातलं एकही पाच तास मागत नाही. आणि धुराची हौस आली तर त्याच ग्रिलमध्ये भागते. करवंटीचे ठोकळे कडेने दोन-दोनच्या ओळीत अर्धवर्तुळात लावायचे, एका टोकाला आठ-दहा पेटते ठेवायचे. आग उदबत्तीसारखी पुढे पुढे सरकते, चार-पाच तास सहज. पिंप कोणी करावं? ज्याच्याकडे दर महिन्याला पंधरा-वीस माणसं जेवतात, जागा मोकळी आहे आणि वाऱ्याच्या दिशेला कोणाची गच्ची नाही त्याने. मळ्यात राहणाऱ्याने खुशाल. रो हाउसवाल्याने विचार करून. ग्रिलचा धूर वीस-पंचवीस मिनिटांत संपतो, शेजारी तेवढं सहन करतात. पाच तास कोणी करत नाही, आणि का करावं?

दोन्हींपैकी काहीही बंद गॅलरीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये पेटवू नका. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. थंडीत शेगडी आत घेऊन झोपलेली माणसं उठत नाहीत, ती त्यानेच. आणि राख त्याच दिवशी कचऱ्यात टाकायची नाही. माझी प्लॅस्टिकची बादली दुसऱ्या दिवशी सकाळी तळातून वितळली, रात्री हात लावून थंड वाटली होती तीच राख.

काकूंचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. कुरडया मी दुसऱ्या दिवशी तळून पाहिल्या. त्यांनीच चार दिल्या, परीक्षेसाठी. धुराचा वास नव्हता, निदान मला आला नाही. तरी मी त्यांना शब्द दिला की वाळवणाच्या दिवसांत आणि एकादशीला पिंप पेटणार नाही. पाळलाही.

मार्गशीर्षात चंपाषष्ठीला सकाळी त्या कंपाउंडपाशी आल्या. चातुर्मासभर वांगं खाल्लं नव्हतं, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य करायचा होता, आणि गॅसवर भाजलेलं भरीत त्यांना भरीत वाटत नाही. माझ्या ग्रिलकडे बघून थोडं थांबल्या. मी म्हटलं, काकू, याच्यावर कोंबडी भाजते मी.

"ते ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "तू निखारे तेवढे दे. जाळी माझी आहे, घमेलंही माझंच."

डबा पेटवला, वीस मिनिटांनी निखारे त्यांच्या घमेल्यात ओतले. कंपाउंडच्या त्या बाजूला सहा मोठी जळगावी वांगी तडतडायला लागली. अण्णांनी खुर्ची तिकडे वळवून घेतली.